आधी पक्षी, मग समुद्र

शाळेत चित्रकलेच्या तासाला ‘समुद्रकिनारा’ असा विषय फळ्यावर पडला की सगळ्या वर्गाचे हात एकाच क्रमाने चालायचे. आधी पट्टीने आडवी रेघ. रेघेवर अर्धा सूर्य. उजवीकडे वाकलेला माड, मध्ये शिडाची होडी, तिच्याखाली निळ्या नागमोडी लाटा. तास संपत आला की वर उरलेल्या आकाशात काळ्या स्केचपेनने पाच-सहा पक्षी. त्यांना चित्रात जागा मिळायची ती केवळ शिल्लक राहिली म्हणून. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो, त्यामुळे समोर काही नसताना चित्र काढायची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लागलेली आहे. सवय चांगली आहे. पण स्मरणात काही साठायला आधी ते नीट पाहिलेलं असावं लागतं आणि किनाऱ्यावरचे पक्षी बहुतेकांनी कधी थांबून पाहिलेले नसतात.

पुढे निवृत्तीनंतर, किंवा मुलं शिकायला बाहेर पडल्यावर, माणसं पुन्हा रंगांकडे वळतात. जलरंगाची नवी पेटी उघडली की पहिला विषय बहुधा हाच निघतो. निवड अगदी योग्य आहे, असं माझं मत आहे. किनाऱ्यावर इमारती नसतात, चेहरे नसतात, पळत्या रेषांचा गुंता नसतो. आकाश, पाणी आणि वाळू असे तीन आडवे पट्टे. पण ऐवज इतका थोडा असल्यामुळे त्यात जे चुकतं ते लगेच डोळ्यावर येतं. क्षितिज बोटभर वर सरकलं की सगळी वाळू उभी राहते. पक्षी थोडा मोठा झाला की होडी खेळण्यातली वाटायला लागते. म्हणून नवशिक्याने क्रम उलटा करावा, पक्ष्यांपासून सुरुवात करावी. ते कुठे आहेत, केवढे आहेत, कोणीकडे तोंड करून उभे आहेत, हे ठरलं की बाकीचं चित्र निम्मं आपोआप ठरतं.

हे मला पटलं ते आक्षीच्या किनाऱ्यावर. अलिबागच्या दक्षिणेला हे गाव. मराठीतला सर्वांत जुना मानला जाणारा शके ९३४ चा शिलालेख इथलाच, त्यामुळे इतिहासवाल्यांना ते ठाऊक असतं. पक्षी पाहणाऱ्यांना ते सुरूच्या बनामुळे आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या लांब-रुंद पुळणीमुळे ठाऊक असतं. रायगड जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक शिक्षक थंडीत इथे नवशिक्यांना घेऊन येतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून इथे ते नुसते सर. गेल्या पौषात त्यांच्या वर्गाबरोबर मी गेले होते. ठाण्याच्या एक ताई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. पुण्याचं एक तरुण जोडपं होतं, दोघंही संगणकावर काम करणारी. इंटरमिजिएटला बसणारा एक मुलगा होता, आणि त्याला सोडायला आलेले त्याचे आजोबा, जे दुपारपर्यंत स्वतःच कागद मागून घेऊन बसले.

वर्गाचा दिवस सर तिथीवरून ठरवतात. कोकणातला हा जुना हिशेब अजून चालतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला जाते. आम्ही गेलो ती वद्य चतुर्थी होती. पहाटे तीनला भरती, म्हणजे सव्वानवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सूर्य उगवल्यापासून दोन तास पाणी मागे मागे जात राहणार, ओली वाळू उघडी पडत राहणार आणि तिच्यातले किडे-शिंपले टिपायला पक्षी येणार. चित्राला उजेड, आरसा आणि पात्रं एकाच वेळी मिळणारी ही सकाळ. जलरंगाच्या पुस्तकांत हा हिशेब सापडत नाही, पंचांगात सापडतो.

पहिला तासभर सरांनी कुणाला रंग उघडू दिले नाहीत. हातात पेन्सिल आणि साधी वही. समोर, पाण्याच्या कडेला, कुरवांचा थवा उतरलेला होता. तपकिरी डोक्याचे कुरव. हिवाळ्यात त्यांचं डोकं तपकिरी नसतंच. ते पांढरं होतं आणि डोळ्यामागे तेवढा एक धुरकट डाग उरतो. चोच आणि पाय लाल, पाठ राखाडी, पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरा ठिपका. उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांवर वीण करणारे हे पक्षी थंडीत आपल्या किनाऱ्यावर येतात.

“कुठे बघतायत सगळे?” सरांनी मुलाला विचारलं.

“आपल्याकडे.”

“सगळेच?”

मुलाने पुन्हा पाहिलं. खरोखरच सगळेच. शंभरेक पक्षी समुद्राकडे पाठ करून, छाती आमच्याकडे करून उभे.

“आता मानेवर वारा लागतोय का बघ.”

वारा मागून, सुरूच्या बनातून येत होता. भूगोलात शिकलेला मतलई वारा. रात्री जमीन पाण्याआधी थंड होते आणि पहाटे हवा जमिनीवरून समुद्राकडे वाहते. उभे असलेले कुरव, सुरय वाऱ्याला तोंड देऊन राहतात. पाठीकडून वारा आला तर पिसं उलटी फिस्कारतात, आणि उडायचं झालं तर समोरचा वाराच उचलून धरतो. दुपारी खारा वारा सुटला की हाच थवा फिरून समुद्राकडे तोंड करतो. म्हणजे समुद्राकडे पाहत बसणाऱ्याला सकाळी पक्ष्यांच्या छात्या दिसणार, दुपारी पाठी. आपण चित्रात कायम काढतो तो चोच एका बाजूला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला असा पक्षी तिथून क्वचितच दिसतो. तो हवा असेल तर आपण वळून बसायचं, समुद्र एका हाताला आणि जमीन दुसऱ्या हाताला घेऊन, किनाऱ्याच्या लांबीकडे पाहत.

सरांनी सगळ्यांना तसंच वळवून बसवलं. त्याबरोबर चित्रातला दुसरा प्रश्नही सुटला. समोर तोंड करून काढलेला समुद्र म्हणजे एकावर एक रचलेले पट्टे. वळून पाहिलं की पाण्याची कड जवळून तिरपी निघून लांब सुरूच्या बनाच्या टोकापर्यंत निमुळती होत जाते, आणि नजर तिच्यामागून आत शिरते. रचनेवर तासभर व्याख्यान देऊन जे समजलं नसतं ते केवळ बैठक फिरवल्याने समजलं.

वारा चित्रात पकडण्यावरून युजेन बुदँ आठवतो. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, ऑन्फ्लर गावी १८२४ साली जन्मलेला हा चित्रकार आयुष्यभर पुळणी, बंदरं आणि आकाश रंगवत राहिला. कोवळ्या वयातल्या क्लोद मोनेला स्टुडिओबाहेर काढून उघड्यावर रंगवायला बसवलं ते त्यानेच. आकाशाच्या आपल्या अभ्यासचित्रांवर तो तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवायचा. १८५९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावर लिहिताना कवी बोदलेअरने या नोंदींचा मुद्दाम उल्लेख केला होता. आमच्या सरांनी बुदँचं नाव घेतलं नाही, पण वहीच्या प्रत्येक पानावर तिथी, वेळ आणि वारा लिहायला लावला. आकाशात ढग जात असतील, माडाच्या झावळ्या हलत असतील, लाटेच्या माथ्यावरून तुषार उडत असतील, तर या सगळ्यांचं पक्ष्यांशी एकमत असलं पाहिजे. एक पक्षी चुकीच्या दिशेला उभा केला तर पाहणाऱ्याला चूक सांगता येणार नाही, पण चित्रातली हवा बंद पडलेली त्याला जाणवते.

नंतर क्षितिज. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नवशिक्यांच्या चित्रात सर्वांत जास्त मोडतोड इथेच होते.

क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. उभं राहिलं तर ते आपल्याबरोबर वर येतं, बसलं तर खाली. सव्वापाच फुटांवर डोळे असलेल्या माणसाला उभं राहून समुद्रात साधारण साडेचार किलोमीटरवरचं पाणी शेवटचं दिसतं. वाळूत मांडी घालून बसलं की तीन-सव्वातीन किलोमीटरवरचं. सरांनी सगळ्यांना आधी उभं केलं, मग बसवलं, मग सरळ पोटावर झोपवलं. ताई आधी जरा संकोचल्या, मग पदर खोचून झोपल्या आणि म्हणाल्या, “अहो, बगळा केवढा उंच झाला!” जवळच एक समुद्र बगळा उभा होता. उभ्याने पाहताना त्याच्या सगळ्या अंगामागे ओली वाळू होती. झोपून पाहताना त्याची मान क्षितिजाच्या वर निघाली.

यातून एक फार उपयोगी मोजमाप निघतं. तुम्ही उभे असाल, तर सपाट वाळूवर तुमच्याच उंचीचा माणूस कितीही लांब असला तरी त्याचे डोळे क्षितिजाच्या रेषेवर येतात. त्याचे पाय जवळ किंवा लांब सरकतात, डोळे तिथेच राहतात. उभा कुरव साधारण फूटभर उंच. म्हणजे त्याच्या पायांपासून क्षितिजापर्यंत जेवढं अंतर कागदावर असेल, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा तो काढायचा. पायाशी असला तरी पाचवा हिस्सा, पन्नास पावलांवर असला तरी पाचवा हिस्सा. चिमुकला चिखल्या असेल तर दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. बसून चित्र काढत असाल तर डोळे निम्म्या उंचीवर येतात आणि हे हिस्से दुप्पट होतात. किनाऱ्याला थोडा उतार असतो, त्यामुळे हिशेब काटेकोर नाही, पण पक्षी हत्तीएवढा होऊ नये इतका नक्की पुरतो. उडणाऱ्या पक्ष्याचंही तसंच. क्षितिजाच्या खाली उडणारा पक्षी तुमच्या डोळ्यांपेक्षा खालून, पाण्याला लगटून चाललेला आहे. क्षितिजावरचा नेमका तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. हे कळल्यावर पक्षी शिल्लक जागेत टाकता येत नाही. त्याची जागा ठरलेली असते.

आता त्या शाळेतल्या पक्ष्याबद्दल, इंग्रजी एमसारखा काढतात त्याबद्दल. त्याला मोडीत काढायला सर तयार नाहीत. ते म्हणाले, “मुलाने पाहिलंय बरोबर. फक्त लांबून पाहिलंय.” पंख खांद्यातून निघतो, वर जातो आणि मनगटाशी मोडून बाहेर, मागे वळतो. लांबून तो मोड तेवढा दिसतो आणि एम तयार होतो. चुकतं ते असं की दोन्ही बाजू सारख्या निघतात आणि मधलं अंग राहून जातं. सरांनी वहीत करून दाखवलं. आधी अंग, तांदळाच्या दाण्याएवढं, जरा तिरपं. मग जवळचा पंख, लांब आणि मोडाशी जाड. मग पलीकडचा पंख, आखूड, निम्मा अंगामागे दडलेला. शेवटी टोकांना काळा स्पर्श. चार फटकारे आणि पक्षी वळण घेत होता. सुरय काढायचा तर अंग बारीक, पंख अरुंद, शेपूट दुभंगलेली. उडणारा बगळा मान आत ओढून घेतो आणि पाय मागे लांबवतो. हे तीन आकार हाताला बसले की पहिल्या वर्षाची शिदोरी झाली.

उभ्या पक्ष्याला जरा वेळ लागतो. अंग अंड्याच्या आकाराचं, पण आडवं ठेवलेलं नाही, छातीकडून किंचित उचललेलं. पाय अंगाच्या मधोमध येतील असे पाहा, नाहीतर पक्षी पुढे पडतो. मागे मोडणारा सांधा आपल्याला गुडघा वाटतो, तो त्याचा घोटा असतो. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. चिखल्यांचं निराळंच. ते चार पावलं तुरुतुरु धावतात, एकदम थबकतात, टोचतात, पुन्हा धावतात. थबकले की त्या क्षणात रेघ मारायची. मुलाने असे पानभर चिखल्ये काढले. काहींना डोकं नव्हतं, काहींना पाय नव्हते, पण सगळे धावत होते.

रंग उघडले तेव्हा ऊन सुरूच्या शेंड्यांवरून उतरून वाळूवर आलं होतं. सामान साधं. १९३१ साली शाईपासून सुरू झालेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनची रंगपेटी महाराष्ट्रात घरोघरी असते, आणि ती सुरुवातीला पुरते. पैसे कागदावर घाला, असं सरांचं सांगणं. ३०० जीएसएमचा, जरा खरबरीत पोताचा कागद पाण्याने फुगत नाही आणि दोन-तीन हात सोसतो. वहीचा पातळ कागद पहिल्याच वॉशला लाटांसारखा उठतो आणि रंग खड्ड्यांत साचतो. मग माणूस स्वतःला दोष देतो. दोष कागदाचा असतो. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा सुती कागदही काहींनी आणला होता. त्याचं पोत खडबडीत असतं, वाळूसाठी ते छान बसतं.

प्यायचं पाणी घरून न्यायचं. समुद्राचं पाणी ब्रशला लावू नये. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. रंग वाळताना ते कागदावर स्फटिकांनी फुटतं, आणि दमट हवेत ओल धरून राहतं.

कागदावर प्रथम क्षितिजाची रेघ आली, मधोमध न घेता वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर. मग पक्ष्यांच्या जागा, फिक्या पेन्सिलीने. जवळ तीन, मध्ये पाच-सहांचा पुंजका, लांब नुसते ठिपके, आणि क्षितिज ओलांडून उडणारे दोन. सगळं काही होण्याआधी पक्षी ठरले ते एका सरळ कारणाने. जलरंगात पांढरा रंग बाहेरून आणायचा नसतो, कागदाचाच पांढरा राखायचा असतो. सकाळी ऊन आपल्या बाजूने येतं, कुरव उजळून निघतात, आणि त्यांच्यामागची ओली वाळू आणि पाणी त्यांच्याहून गडद असतं. कागदावर रंग पसरल्यानंतर पक्षी आठवला तर त्याच्यासाठी पांढरं काही उरलेलं नसतं. मग पोस्टर कलरचा पांढरा लावायचा मोह होतो आणि तो खडूसारखा मेलेला दिसतो. राखण्यासाठी मास्किंगचा द्रव मिळतो, पण त्याने कडा सुरीने कापल्यासारख्या येतात. सर तो वापरू देत नाहीत. पक्ष्याभोवतीचा रंग लावायचा आणि पक्षी मोकळा सोडायचा. तोही चहूबाजूंनी कोरून काढायचा नाही. पाठीची आणि डोक्याची कड नेमकी ठेवायची, पोटाकडे ती वाळूत विरघळू द्यायची.

आकाशाचा वॉश एका दमात. पाटीच्या वरच्या कडेखाली डबा ठेवून ती जरा तिरपी केली, रंग वाटीत भरपूर कालवून घेतला, ब्रश आडवा ओढत खाली आणला. खाली ओघळणारी थेंबांची ओळ पुढच्या फटकाऱ्यात उचलत न्यायची, मागे वळून दुरुस्ती करायची नाही. पश्चिमेचं आकाश सकाळी कसं असतं हे बहुतेकांना माहीत नसतं, कारण सगळे उगवतीकडे पाहत असतात. सूर्य वर येण्याच्या सुमारास समुद्रावर, क्षितिजाला लागून, निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. थोड्याच वेळात ती खाली बुडते. शाळेतल्या चित्रात समुद्रावर बसवलेला अर्धा सूर्य कोकणात संध्याकाळचाच असू शकतो. इथे सकाळचा सूर्य डोंगरामागून येतो.

पाण्यासाठी पुण्याच्या मुलीने निळा काढला. सरांनी तिला ब्रश खाली ठेवायला लावून समोर पाहायला सांगितलं. अलिबागचा समुद्र काठाशी मातकट हिरवा असतो, गाळाने. लांब गेला की आकाशाचा रंग घेतो. वाळूही सोनेरी नाही, करडी-तपकिरी. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळले की जो उबदार करडा येतो, तो थोड्या यलो ऑकरबरोबर या किनाऱ्याला जवळजवळ सगळा पुरतो. कोकणच्या किनाऱ्यावर नुसता निळा फार थोडा लागतो, हे त्या सकाळी सगळ्यांच्या कागदांवर दिसत गेलं. फेसाची ओळ कागदाचीच पांढरी सोडली. फेसाच्या खालच्या कडेला सावलीचा बारीक करडा लावला की ती लाट जाडी धरते. चमकणाऱ्या पाण्यासाठी ब्रश कोरडा करून कागदावर आडवा घासत नेला. खरबरीत कागदाचे उंचवटे रंग घेतात, खड्डे पांढरे राहतात.

सर्वांत जास्त वेळ ओल्या वाळूवर गेला. प्रतिबिंब आणि सावली यांत नवशिक्यांची गफलत होते. प्रतिबिंब नेहमी सरळ खाली, पाहणाऱ्याच्या दिशेने पडतं, सूर्य कुठेही असो. सावली सूर्याच्या उलट दिशेला पडते. ओल्या चकचकीत वाळूवर पक्ष्याचं प्रतिबिंब दिसतं, कोरड्या वाळूवर नुसती सावली. त्या सकाळी सावल्या लांब होत्या आणि समुद्राकडे धावत होत्या, तर प्रतिबिंबं पायांखाली लटकत होती. आजोबांनी दोन्ही एकाच दिशेला काढलं होतं. सर काही बोलले नाहीत, फक्त एका कुरवाकडे बोट दाखवून उभे राहिले. आजोबांनी बराच वेळ पाहिलं, मग ओला ब्रश फिरवून एक सावली पुसून घेतली.

पक्ष्याला प्रत्यक्ष रंग लागला तो अगदी शेवटी, आणि अगदी थोडा. पोटाखाली निळसर करडी छाया, तिच्यात वाळूचा किंचित पिवळा. पाठीवर राखाडीचा एक फटकारा. शेपटीशी पंखांच्या टोकांचा काळा. डोळ्यामागचा डाग. पायांचा आणि चोचीचा लाल. याहून जास्त केलं की पक्षी भुसा भरलेला वाटायला लागतो. क्षितिज ओलांडणाऱ्या दोन पक्ष्यांनी शेवटचा धडा दिला. पाण्यासमोर आहे तोवर कुरव पांढरा दिसतो, आणि वर उजळ आकाशात गेला की तोच काळपट. ताईंनी एक पक्षी पाण्यावर पांढरा सोडला आणि दुसरा आकाशात करड्याने काढला. दोन्ही एकाच थव्यातले आहेत हे कुणाला सांगावं लागलं नाही.

दरम्यान आक्षीचे एक मासेमार येऊन मागे उभे राहिले होते. पुण्याच्या मुलाच्या चित्रातली होडी पाहून त्यांनी मान हलवली. नांगरलेली होडी त्याने किनाऱ्याकडे नाळ करून काढली होती, कारण तशी ती छान दिसत होती. नांगराचा दोर नाळेवरून सोडलेला असतो, त्यामुळे होडी पाण्याच्या ओढीला किंवा वाऱ्याला नाळ देते, जे जास्त जोर करील त्याला, असं त्यांनी समजावलं. समोरची होडी खरोखरच खाडीच्या तोंडाकडे नाळ करून होती, पक्ष्यांपेक्षा निराळ्या दिशेला. पक्षी वारा सांगत होते, होडी पाणी सांगत होती. मुलाने होडी नव्याने काढली. चित्रकलेच्या वर्गात समुद्राचा असा जाणकार येऊन उभा राहणं हे मला फार मोलाचं वाटलं. असा माणूस जवळपास असेल तर चित्र त्याला आधी दाखवावं.

दुपारी विश्रांती झाली आणि संध्याकाळी पुन्हा बसलो. उतरतं ऊन समोरून, पाणी पेटलेलं, आणि त्याच्यावर पक्षी निव्वळ गडद आकार. हे सोपं आहे. उजेडावर काळं ठेवायचं, चुकलं तर अजून एक ठेवायचं. बहुतेक पुस्तकं नवशिक्याला संध्याकाळपासून सुरुवात करायला सांगतात, ते हात मोकळा व्हावा म्हणून. मला सरांचा क्रम जास्त पटतो. सकाळी राखायला शिकलेला माणूस संध्याकाळी काळं जपून टाकतो. आधी संध्याकाळच रंगवणारा पक्षी शेवटी टाकायची सवय घट्ट करून बसतो, आणि मग सकाळचा पांढरा त्याला कधीच राखता येत नाही.

आपल्याकडे जलरंगाची परंपरा भक्कम आहे आणि तिचे धडे जवळच आहेत. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं दिवा हातात धरलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पाहणारे ते तैलरंगातलं समजतात, ते जलरंगातलं आहे. आबालाल रहिमान जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठी राहून तिथलं पाणी, झाडं आणि उजेड रंगवत राहिले. नवशिक्याला आबालालांकडून घेण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी आपल्या पाण्याचा काठ सोडला नाही. दर खेपेला नवा किनारा शोधण्यापेक्षा एकाच पुळणीवर वेगवेगळ्या तिथींना जावं.

कोकण लांब पडत असेल त्यांच्यासाठी सरांनी एक सोय सांगितली. उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, हिवाळ्यात कुरव येतात. तिथे भरती-ओहोटी नाही आणि लाटाही नाहीत, पण क्षितिजाजवळ जाणारं पाणी आहे, ओला चिखल आहे, प्रतिबिंबं आहेत आणि वाऱ्याला तोंड देऊन उभा असलेला थवा आहे. मुंबईकरांना गिरगाव, दादरची चौपाटी आहेच. तिथे कुरव नसले तर कावळे असतात, आणि पाचव्या हिश्श्याचा हिशेब त्यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडतो.

कुरव ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या किनाऱ्यावर दिसू लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात, म्हणजे हा अंक वाचकांच्या हाती असेल तेव्हा ते येऊन पोचलेले असतील. सरांचा यंदाचा पहिला वर्ग कार्तिक वद्य चतुर्थीला आहे. संकष्टी असल्याने उपासाचा डबा ज्याचा त्याने आणायचा. पाटी, चिमटे, ३०० जीएसएमचे दोन कागद, पेन्सिल, साधी वही आणि पाण्याच्या दोन बाटल्या, एक प्यायला आणि एक रंगाला. सूर्योदयाआधी सुरूच्या बनाच्या कडेला जमायचं आहे. रंगपेटी पिशवीतच ठेवायची आहे, ती कधी काढायची ते सर सांगतील.